"बी-टू झालं ताई, येऊ का?"

मिरजेच्या नर्सिंगच्या ज्युनियर मुलींचे मेसेज हल्ली दर आठवड्याला येतात, "ताई, जर्मन बी-टू पास झाले, येऊ का तिकडे?" (बी-टू म्हणजे जर्मन भाषेच्या परीक्षेची एक पातळी.) २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर जास्तच. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टपासून तासाभरावर एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डला आहे, चार वर्षं होत आली. प्रत्येकीला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

आधी एक रात्र सांगते. गेल्या महिन्यात नाइटला आम्हा दोघींची ड्युटी होती, पेशंट ३६. संध्याकाळी आठला दुसरीचा फोन, ताप आलाय, येत नाही. बदली कोणी मिळालं नाही, एक हेल्पर मिळाली तीही दोन वॉर्डांत मिळून. इथे नियम आहे की मेडिसिनला एका नर्समागे दिवसा १० आणि रात्री २२ पेशंटच्या वर जायचं नाही, पण हिशोब महिन्याच्या सरासरीने बघतात, त्यामुळे अशी एखादी रात्र गेली तरी कागदावर वॉर्ड पास होतो. अडीच वाजता एका खोलीतले ८४ वर्षांचे आजोबा, हार्ट फेल्युअर, लघवीच्या गोळ्या चालू, त्यांनी बेल दाबली. मी शेजारच्या खोलीत शुगर ४२ पर्यंत उतरलेल्या बाईंजवळ होते, सोडून जाताच येईना. वीस मिनिटांनी पोचले तर पलंग ओला, आणि आजोबा भिंतीकडे तोंड करून मलाच म्हणतायत, "सॉरी श्वेस्टर," म्हणजे सिस्टर. चादर बदलताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्याकडे उशाशी मुलगा नाहीतर सून बसलेली असते, इथे तेव्हा फक्त मीच असते, आणि मी वीस मिनिटं उशिरा पोचले होते. अजून डोक्यातून जात नाही ते.

आता इथे नर्सेसची एवढी टंचाई का, तर सरळ कारण म्हणजे म्हातारी माणसं वाढली. इथल्या सरकारी सांख्यिकी खात्याचा अंदाज आहे की २०४९ पर्यंत किमान २ लाख ८० हजार नर्सिंग कर्मचारी कमी पडतील. पण वॉर्डात उभं राहिलं की वेगळंच दिसतं, शिकलेल्या नर्सेस आहेत, त्या टिकत नाहीत. माझ्याबरोबरच्या एका बाईंची २८ वर्षं सर्व्हिस, पाठ गेली, आता ६० टक्केच ड्युटी करतात. त्या सांगतात की २००४ पासून हॉस्पिटलला आजारागणिक ठरलेली रक्कम मिळायला लागली आणि पैसे वाचवायला पहिली कात्री नर्सिंगच्या पोस्टना लागली. २०२० मध्ये नर्सिंगचा खर्च त्यातून वेगळा काढला, पण तोवर बऱ्याच जणी गेल्या होत्या. उरलेल्यांना सुट्टीच्या दिवशी फोन, "येतेस का?" मग त्याही आजारी पडतात की पुन्हा फोन, आणि मग एक दिवस त्याही ड्युटी कमी करून घेतात किंवा सोडूनच देतात.

ही भोकं बुजवायला आम्ही. पण आपल्या नर्सिंगच्या डिग्रीला इथली मान्यता मिळेपर्यंत तुम्ही हेल्पर, पगारही हेल्परचा, मग हाताशी आयसीयूचा पाच वर्षांचा अनुभव का असेना. सलाईनची सुई इथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात, आणि आंघोळ घालणं, भरवणं, पॅड बदलणं हे नर्सचंच काम. ते कमीपणाचं नाही, मला तर त्यातच पेशंट कळायला लागला, पण बीएस्सी करून आलेल्या पोरीला कोणी आधी सांगतच नाही आणि पहिले सहा महिने ती रडते. स्थानिक स्वाबियन बोली तर कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आणि मागे आपल्याकडे काय? २०२२ मध्ये आपल्या सरकारी नर्सेसना कंत्राटी भरतीविरुद्ध संप करावा लागला. सिव्हिलच्या वॉर्डात एका सिस्टरमागे किती खाटा असतात ते तिथे ड्युटी केलेल्या कुणालाही विचारा. कायम नोकरी नाही, पगार तुटपुंजा, मग मुलगी जर्मनच्या क्लासला का नाही जाणार? मी स्वतः त्यासाठीच आले, त्यामुळे येऊ नका असं कुठल्या तोंडाने म्हणू.

या, पण सही करायच्या आधी एजंटला एवढं विचारा. रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात? मान्यता येईपर्यंत हातात किती युरो? मान्यतेच्या परीक्षेत नापास झाले तर दुसरा चान्स आणि त्याचा खर्च कुणाचा? मधेच नोकरी सोडली तर किती पैसे परत मागणार? उत्तरं फोनवर नको, लेखी घ्या, आणि कागद जर्मनमध्ये असेल तर मला पाठवा, सुट्टीच्या दिवशी वाचून सांगते.