वर्तणुकीचा दाखला इथं चालत नाही

गेल्या शनिवारी प्रिन्स्टनला जाऊन आले. आमच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. चौदा वर्षं मी न्यू जर्सीत राहते, पण भारतातून कुणी पाहुणे आले की फोटो काढायला नेण्यापलीकडं त्या विद्यापीठाशी माझा कधी संबंध आला नव्हता. या वेळी मात्र विद्यापीठ दाखवायची जी फेरी असते, तिच्यात रीतसर नाव नोंदवून गेले.

कारण माझ्या चुलत भावाची मुलगी. सांगली जिल्ह्यातल्या विट्याला बारावी सायन्सला आहे. ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला होता, "आत्या, प्रिन्स्टनचा फॉर्म भरू का?" आणि मी तिला "नको" म्हणून सांगितलं होतं.

फेरीत पंचवीसेक माणसं होतो. माहिती सांगणारा मुलगा तिसऱ्या वर्षाचा, टेक्सासचा. उलटं चालत, आमच्याकडं तोंड करून बोलत होता. नॅसॉ हॉल या विद्यापीठाच्या सगळ्यांत जुन्या इमारतीसमोर थांबला आणि आपलं गाव सांगावं इतक्या सहज म्हणाला, "मी फर्स्ट जनरेशन आहे. माझे वडील घरांवर छपरं घालायचं काम करतात." मग त्यानं विचारलं, इथं आणखी कोण आहे असं? एका मुलीनं हात वर केला. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईनंही केला, लेकीपेक्षा उंच.

मी जागच्या जागी थिजले. 2003 साली सांगलीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पहिल्याच रात्री रूममेटनं विचारलं होतं, "पप्पा काय करतात?" मी म्हणाले होते, "बिझनेस." माझे वडील तेव्हा केरळात दुसऱ्याच्या गलाईच्या दुकानात भट्टीवर बसत होते. चार वर्षं मी तो "बिझनेस" सांभाळला.

आईवडिलांपैकी कुणाकडंच चार वर्षांची पदवी नाही, असा विद्यार्थी म्हणजे इथला फर्स्ट जनरेशन. आपल्याकडं याला "घरातलं पहिलंच शिकलेलं" म्हणतात. आपल्याला त्याचा अभिमान नसतो असं कुणी म्हणू नये. निकाल लागला की वेशीवर फ्लेक्स लागतो, ग्रामपंचायतीत शाल-नारळ होतो. पण तो अभिमान निकालानंतरचा. निकालाआधी, नव्या वर्गात, नव्या शहरात तेच वाक्य तोंडातून निघत नाही. त्या टेक्सासच्या मुलाला ते अजून पदवी हातात नसताना सांगता येत होतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर कीव नव्हती.

लगेच माझं मन भांडायलाही उठलं. याच विद्यापीठानं मुलींना पदवीसाठी घ्यायला सुरुवात केली 1969 साली. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावची सावित्री 1848 साली पुण्यात मुलींना शिकवत होती. दर्शनी भागातला तो मोठा लोखंडी दरवाजासुद्धा 1970 पर्यंत एरवी बंदच असायचा, त्या वर्षीच्या मुलांनी आग्रह धरला म्हणून तो कायमचा उघडा राहिला. तेव्हा दार उघडं ठेवण्यात हे लोक आपल्या फार पुढं होते असं नाही. हे मी तिथं मनातल्या मनात म्हटलं, आणि आता इथं लिहिते आहे.

आटपाडी-खानापूर भागातल्या वाचकांना गलाई सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं, टंच म्हणजे त्यातली शुद्धता काढून देणं हा आमच्याकडच्या हजारो घरांचा धंदा. तो गावात नसतो, मुलखात असतो. तमिळनाडू, केरळ, बंगाल, जिथं सराफ कट्टा तिथं विट्या-आटपाडीकडचा माणूस. बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या आज्जाला बाहेर काढलं, मग चुलते, मग भाऊ. भाषा येत नसताना, ओळख नसताना ही माणसं परमुलखात दुसऱ्यांचं सोनं विश्वासानं हाताळत आली. त्यामुळं लांब जायचं भ्या आमच्या घरात कुणालाच नव्हतं. तरीही पोरीला फॉर्म भरू नको म्हणाले.

कारणं मी भरपूर दिली. शंभर अर्जांतले चार-पाच घेतात. परदेशातून येणाऱ्यांची गर्दी मोठी, जागा थोड्या. जेईई आणि सीईटीचं वर्ष आहे, निबंध लिहीत बसलीस तर तेही जाईल. यातलं काहीच खोटं नाही. आजही मी त्या मुलीच्या जागी कुणी असेल तर सीईटी सोड असं सांगणार नाही.

पण खरं कारण वेगळं होतं. मलासुद्धा 2003 साली पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात जागा मिळत होती. वडील म्हणाले, "सांगली बरी, एस.टी.नं अडीच तासात घरी येशील." मी सांगली घेतली. सांगलीनं मला काही कमी केलं नाही. चांगले सर मिळाले, नोकरी मिळाली, आज इथं आहे ती त्याच पदवीवर. हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलेय आणि ते खरं आहे. तरी पोरीचा मेसेज वाचल्यावर पहिली आठवण झाली ती पुण्याच्या त्या कागदाची, जो मी सही न करता परत दिला होता. तिला "नको" म्हणताना मी माझाच तो निर्णय पुन्हा एकदा बरोबर ठरवत होते.

पैशाचं आधी सांगते, कारण घरून पहिला प्रश्न तोच येतो. प्रिन्स्टनचा वर्षाचा सगळा खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे सत्तर लाखांच्या वर. आकडा ऐकूनच आपली घरं फोन ठेवतात. पण प्रवेश देताना ते घरची ऐपत बघत नाहीत, परदेशी मुलांचीही नाही. हार्वर्ड, येल, एमआयटी अशा मोजक्याच ठिकाणी हे आहे. वर्षाला दीड लाख डॉलरच्या आतलं उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना शिकणं, राहणं, जेवण यांचं काहीच भरावं लागत नाही, आणि 2001 पासून मदतीत कर्ज धरत नाहीत, सगळं अनुदान. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला, आत गेल्यावर, ते फुकट आहे. उलट जिथं प्रवेश सोपा आहे अशा कितीतरी ठिकाणी परदेशी मुलांना मदत मिळत नाही आणि बाप शेत गहाण टाकतो. व्हिसाचं तेवढं वेगळं, त्याची खात्री कुणीच देत नाही.

मी नको म्हटलं होतं, तरी आम्ही दोघी त्या फॉर्मला लागलोच. आता ज्यानं मला खरा मनस्ताप दिला ते.

या अर्जाला समुपदेशकाचं पत्र लागतं. शाळेची माहिती सांगणारा कागद लागतो. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. नववीपासूनचे मार्क लागतात, त्यात अकरावीचेही. आपल्याकडं अकरावी म्हणजे विसाव्याचं वर्ष, ते मार्क कधी कुणी विचारत नाही, म्हणून मुलं त्या वर्षी क्लासचं करतात. पोरीला अकरावीत 61 टक्के आहेत, दहावीला 96. हे 61 का, हे इथल्या टेबलावर बसलेल्या माणसाला कोण समजावणार? ते समजावणं समुपदेशकाचं काम, आणि तिच्या कॉलेजात तसं पद नाही. प्राचार्यांनी ते करायचं. प्राचार्य भले आहेत, पण त्यांच्यामागं दीड हजार पोरं.

फिजिक्सच्या सरांनी आनंदानं पत्र दिलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी: "सदर विद्यार्थिनी माझ्या माहितीप्रमाणे नियमित, आज्ञाधारक व चांगल्या वर्तणुकीची आहे." सरांनी मनापासून लिहिलं होतं, आयुष्यात हेच त्यांच्याकडं मागितलं गेलंय. इथं मात्र "आज्ञाधारक" या शब्दाला मोल नाही. ती वर्गात कोणता प्रश्न विचारते, कुठं अडते, अडल्यावर काय करते, हे त्यांना हवं. इतक्या पोरांच्या वर्गात सरांनी ते कधी बघावं? मी सरांना फोन केला. अर्धा तास बोललो. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, एक आठवतंय. तिनं मला एकदा विचारलं होतं, सोन्यातनं चांदी काढताना आधी आणखी चांदी का मिसळतात?"

हा प्रश्न तिला वडिलांच्या दुकानात पडलेला. एक भाग सोन्याला तीन भाग चांदी मिसळून ती लगड शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, टाकतात. चांदी कमी असली तर सोनं तिला घेरून बसतं, तेजाब आतवर पोचत नाही, चांदी सुटत नाही. सरांनी दोन दिवसांनी शोधून तिला उत्तर दिलं होतं. "हेच लिहा सर," मी म्हणाले. ते म्हणाले, "हे चालतं?"

प्रिन्स्टन आणखी एक गोष्ट मागतं, शाळेत लिहिलेला आणि शिक्षकांनी तपासून मार्क दिलेला एखादा निबंध. आपल्या सायन्सच्या पोरांकडं असा कागदच नसतो. बोर्डाची उत्तरपत्रिका बोर्डाकडं, घटक चाचणीची रद्दीत. मी दोन दिवस चिडले होते. मुंबई-पुण्याच्या इंटरनॅशनल शाळांत याची वेगळी फाईल असते, विट्यात नसते, आणि ज्यांच्या घरी कुणी शिकलेलं नाही त्यांच्यासाठीच आपण दार उघडलंय असं सांगणारे लोक ज्यांच्या शाळेत सगळं आहे त्यांनाच सोपा जाईल असा फॉर्म करतात. इथल्या सरकारी शाळांतही एका समुपदेशकामागं साडेतीनशेच्या वर मुलं असतात म्हणे, असायला हवीत अडीचशे. असू दे. पण निदान समुपदेशक आहे.

वाट काढली ती तिच्या इंग्रजीच्या मॅडमनी. एकट्या मुलीसाठी निबंध लावणं त्यांना बरोबर वाटेना, म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाला लावला. विषय, आपल्या तालुक्यातलं पाणी. नव्वद पोरांचे दोन-दोन पानांचे निबंध त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून लाल शाईनं तपासले. पोरीनं टेंभू योजनेवर लिहिलं, कऱ्हाडजवळ कृष्णेतनं उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळावर कसं आणलं त्यावर. तिला वीसपैकी तेरा मिळाले. मॅडमनी समासात लिहिलंय, "आकडे छान, पण तुझं मत कुठं आहे?" मी इतक्या वर्षांत कुणाच्या वहीच्या समासात असा प्रश्न वाचलेला नाही. बाकीच्या एकोणनव्वद पोरांनाही या निमित्तानं कुणीतरी काहीतरी विचारलं असेल, हे मनातून जात नाही.

राहिला मुख्य निबंध, साडेसहाशे शब्दांचा, स्वतःबद्दल. इथं ती अडली. "आत्या, मी यूट्यूबवर बघितलं, सगळे दुःखाचं लिहितात. मला आमची गरिबी विकायची नाही. आणि आम्ही गरीब नाही." मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला, आणि हॉस्टेलवरचा माझा "बिझनेस" आठवून घशात आवंढा आला. मी तिला एवढंच म्हणाले की दुकानाबद्दल लिही, पण दुकानातलं काम लिही. तिनं बापाचा हिशोब लिहिलाय. गिऱ्हाईक 37 ग्रॅमचा तुकडा आणतं, टंच येतो 88, आणि बाप कागद न घेता सांगतो, साडेबत्तीस ग्रॅमच्या वर थोडं शुद्ध निघंल. ती कॅल्क्युलेटरवर करते, 32.56. तो हे कसं करतो हे समजून घ्यायला तिनं एक अख्खी मे महिन्याची सुट्टी त्याच्याशेजारी बसून काढली होती. ते सगळं त्यात आहे.

काल 7 नोव्हेंबर होता. 1900 साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव लागलं आणि 1913 साली ते इथं न्यूयॉर्कला कोलंबियात पोचले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे, मी दोनदा जाऊन पाया पडून आलेय. त्यांच्यामागं बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती होती. आज राजा लागत नाही, फॉर्म लागतो. हा बदल मला मोठा वाटतो, त्या फॉर्मवर कितीही चिडले तरी.

तरीही तिनं अजून नक्की केलेलं नाही. अर्ज एक जानेवारीपर्यंत जायचा आहे. फी माफ होते, त्यामुळं घरचा पैसा अडकत नाही. अडकतंय ते वहिनींचं मन. "न्हाई लागला नंबर तर गावात काय सांगायचं?" असं त्या म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "लागला तर?" याचं उत्तर माझ्याकडं नाही. मी इतकी वर्षं लांब राहून आईच्या आजारपणात तीन आठवड्यांपेक्षा जास्त कधी राहू शकले नाही, हे वहिनींनी डोळ्यांनी बघितलंय.

परवा रात्री, तिकडं सकाळ असताना, आम्ही व्हिडिओ कॉलवर घरच्या माहितीचं पान भरत होतो, नुसतं भरून ठेवू म्हणून. भाऊ दुकानातनं कॉलवर आला. मागं भट्टी पेटलेली दिसत होती.

"दादा, तुझं शिक्षण काय टाकायचं?" मी विचारलं.

"धावी."

पोरीनं पर्याय वाचून दाखवले. माध्यमिक पूर्ण, माध्यमिक अपूर्ण, आणि पुढचे. भाऊ थोडा वेळ बोलला नाही. भट्टीच्या भात्याचा आवाज येत होता.

"बसलो हुतो ताई धावीला. गणितात गेलो."

"मग पूर्ण टाकू का पप्पा?" पोरीनं विचारलं. "कोण बघत नाही."

"न्हाई. जे हाय ते लिव. पोरीच्या कागदावर खोटं नको."

तिनं अपूर्ण निवडलं. पुढचा रकाना आईच्या शिक्षणाचा होता.