गडावर खरंच माणसं राहतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

पन्हाळ्याचा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे खाली गावात ना? गडावर कोण राहतंय!" आणि गडावरच म्हटलं की मग, "किती लोक असतील हो?" दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

गडावरच राहतो, तटाच्या आत. घरं, शाळा, तहसील कचेरी, पोलीस स्टेशन, एसटी स्टँड, किराणा, सलून, सगळं आतच आहे. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, वाघबीळला वळलात की घाट सुरू, आणि वर आलात की समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. जिथून गाडी आत शिरते तिथे पूर्वी चार दरवाजा होता, १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडाच्या वंशपरंपरागत राखणदारांच्या, बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. लोक तिथूनच गाणी लावून आत येतात, दरवाजा होता हे कुणाच्या गावीही नसतं.

आता आकडा. २०११ च्या जनगणनेत ३,१२१. त्याआधी २००१ ला ३,४५०. म्हणजे वाढायचं सोडून कमी झालो. एवढ्या लोकांना स्वतंत्र नगरपरिषद आहे, राज्यातल्या सगळ्यात लहान नगरपरिषदांपैकी एक. आणि तालुका कुणाचा, तर आमचाच, त्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या पुढे! खालचं कोडोली आमच्यापेक्षा कितीतरी मोठं, पण सातबाऱ्याची भानगड निस्तरायला कोडोलीकर घाट चढून आमच्याकडे येणार. गंमत आहे की नाही. गडाला लागून बुधवार पेठ आहे, नेबापूर आहे, पण ती वेगळी गावं, त्यांची माणसं आमच्या आकड्यात येत नाहीत.

कमी का झालो? जागा संपली हे अर्धं उत्तर. तट साधारण सात किलोमीटरचा, त्याच्या बाहेर कडा, गाव पसरणार कुठे? बाकी अर्धं उत्तर कायद्यात. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी काढून. दुसऱ्या गावात एखादं स्मारक असतं, त्याच्याभोवती वर्तुळ काढून मोकळे होता येतं, इथे अंबारखाना, सज्जा कोठी, अंधार बाव, तीन दरवाजा असं सगळीकडे विखुरलेलं, वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि मधे आमची घरं. पोराचं लग्न ठरलं, वर एक खोली काढायची म्हटलं तरी कागद. मग पोरगा कोल्हापुरात फ्लॅट घेतो, आणि पुढच्या जनगणनेत तिकडे मोजला जातो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात पन्हाळाही आहे, अभिमान वाटलाच, पण त्याच्या आधीपासून गावात चर्चा होती की आता आपल्याला उठवतात की काय. मला विचाराल तर माणसं उठवून गड राखायची कल्पनाच चुकीची आहे. हा गड रिकामा कधी नव्हताच. कोल्हापूरच्या गादीची राजधानी इथे होती, १७८२ ला ती खाली कोल्हापुरात गेली. कवी मोरोपंतांचा जन्म इथलाच, १७२९ चा, तेव्हाही इथे बायका पाणी भरत असणारच.

पाण्याचं म्हणाल तर पाऊस बक्कळ, जुलैत समोरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं, पण पाऊस उतारावरून निघून जातो आणि नळाचं पाणी खालच्या कासारी नदीवरून वर चढवावं लागतं. रस्त्याचंही तसंच. २०२१ च्या जुलैत चार दरवाज्याजवळचा मुख्य रस्ताच खचला आणि पुढे बरेच महिने गाड्या वर येईनात. तेव्हा कळलं गाव कशावर चालतं ते. टुरिस्ट नाही म्हणजे लॉज बंद, झुणका-भाकरीच्या टोपल्या बंद, घोडेवाले बसून.

म्हणून किती लोक राहतात याचं खरं उत्तर विचारण्याच्या वेळेवर आहे. रविवारी दुपारी तबक उद्यानापाशी उभं राहिलात तर म्हणाल हे शहर आहे, पार्किंग मिळणार नाही. मंगळवारी सकाळी कचेरीच्या कामाला आलेले तालुक्याचे लोक दिसतील, भाकरी विकणाऱ्या कितीतरी बायका खालच्या गावांतून येऊन संध्याकाळी परत जातात, त्या दिसतील. पावसाळ्यात रात्री नऊला या. तेव्हा जे दिसतील ते आम्ही.

आणि हो, प्रवासी कराच्या नाक्यावर "पाव्हण्यांकडे आलोय" म्हणून सुटायचं बघू नका. तीन हजारांच्या गावात कुणाचे पाव्हणे, हे नाक्यावरच्या पोराला पटकन कळतं.