बाई गाईना गेलीय

"मालक, गाणं वाजलालंय, पण बाई गाईना गेलीय."

लामजन्याच्या पुढच्या एका गावचे शेतकरी जुनी वॅगनआर घेऊन लातुरात औसा रोडवरच्या माझ्या कार ऑडिओच्या दुकानासमोर थांबले आणि गाडीतून उतरता उतरताच हे बोलले. सोबत बारावीतली मुलगी होती. मी काही विचारायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं, "अन् लेकीचं रेकॉर्डिंग लावलं तर काहीच येईना. चार्जिंगला लावलं की येतंय, पण मग गाडी रडलालीय."

गाडीतल्या आवाजाच्या तक्रारी मी रोज ऐकतो. खरखर येते, एकच बाजू वाजते, पेनड्राइव्ह वाचत नाही, ब्लूटूथ जोडत नाही. पण या तीन गोष्टी एका गाडीत एकत्र कधी ऐकल्या नव्हत्या. गाडी आधी दोन ठिकाणी फिरून आली होती. एकानं दारांतले स्पीकर बदलून दिले. दुसऱ्यानं डेक, म्हणजे डॅशबोर्डमधला गाणी वाजवणारा सेट, गेला असं सांगून नवा टचस्क्रीन बसवायचा सल्ला दिला. सोयाबीनच्या पैशातून तोही खर्च करायची त्यांची तयारी झाली होती. मी म्हटलं, काका, आधी प्लेअर द्या, डेकचं नंतर बघू.

प्लेअर बोटभर लांबीचा, साधा एमपीथ्री. मुलीचं मेडिकलच्या नीट परीक्षेचं वर्ष. तिनं स्वतःहून स्मार्टफोन आईकडे देऊन टाकलेला आणि त्याच्या जागी हा घेतलेला. रात्री जीवशास्त्राच्या नोट्स मोठ्यानं वाचून त्यात रेकॉर्ड करायच्या आणि सकाळी लातूरला क्लासला येताना ऐकायच्या. कानात इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी इअरफोन बंद करायला सांगितले, म्हणून प्लेअर गाडीच्या डेकला जोडायची वेळ आली. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या महाराष्ट्रात घेतलं जातं. माझ्या काउंटरवरून तो मला असा दिसतो, बाप गाडी चालवतोय आणि लेक शेजारच्या सीटवर रिव्हिजन करतेय. या कामाला मी कधी उद्या या म्हणत नाही.

त्यांनी बाकीचे मार्ग करून पाहिले होते. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये टाकलं, तर प्लेअर डब्ल्यूएव्ही फाइल बनवतो आणि तो डेक फक्त एमपीथ्री ओळखतो. गाणी वाजली, पण तीही भलत्याच क्रमानं. बरेच जुने डेक नावाप्रमाणे गाणी लावत नाहीत, पेनड्राइव्हवर जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी वाजवतात. एफएम ट्रान्समीटरही आणला होता. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधली एखादी रिकामी जागा धरून तो चालतो. लातूर शहरात शिरलं की खरखर वाढायची आणि तिला शब्द नीट कळायचे नाहीत. गाण्यात एवढं चालून जातं, अभ्यासात नाही. ब्लूटूथ डेकलाही नाही आणि प्लेअरलाही नाही. राहिली ३.५ मिलिमीटरची ऑक्स केबल. माझ्या मते अशा कामाला आजही तिच्याइतकी सरळ वाट दुसरी नाही. २०१६ पासून एकेका फोनमधला हेडफोनचा जॅक निघत गेला, २०२२ मध्ये आयपॉडही बंद झाला, पण साध्या प्लेअरला आणि जुन्या डेकला जोडणारी हीच एक तार उरली आहे.

मी प्लेअर चार्जरवरून काढला आणि त्यांच्याकडचं एक गाणं लावलं. तबला, व्हायोलिन, सगळं येत होतं, पण पोकळ. गाणारीचा आवाज नव्हताच, होता तो फक्त त्याचा लांबून येणारा घुमारा. मग मुलीचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज पूर्ण वाढवला तरी स्पीकर गप्प. लायटर सॉकेटमधल्या चार्जरची पिन प्लेअरला लावली आणि त्याच क्षणी तिचा आवाज गाडीभर झाला. त्यामागे एक बारीक शिट्टी. काकांना रेस द्यायला सांगितली, तशी शिट्टी चढत गेली.

तिथंच मला दोष सापडला. खरं तर काकांनी तो आधीच सांगितला होता.

ऑक्सच्या पिनेला तीन भाग असतात. टोक डाव्या बाजूचं, मधली कडी उजव्या बाजूची आणि मुळाकडचा भाग दोघांची सामाईक अर्थ, म्हणजे करंट परत जायची तार. मी इस्टिमेटच्या कागदावर ही पिन काढली, अर्थची रेघ मध्ये तोडली आणि मुलीला विचारलं, आता डावीकडून निघालेला करंट परत कुठून जाईल? ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उजवीकडून?" मी विचारलं, आणि दोन्हीकडचं व्होल्टेज सारखंच असलं तर?

"मग पोटेन्शियल डिफरन्सच नाही. करंट वाहणारच नाही, काका."

एवढंच आहे ते. अर्थ तुटली की डेकपर्यंत फक्त डाव्या-उजव्यातला फरक पोचतो. गाणारीचा आवाज स्टुडिओत मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी सारखा, म्हणून तो कापला जातो. तबला आणि व्हायोलिन एकेका बाजूला असतात, ते वाचतात. आणि तिचं रेकॉर्डिंग एकाच माइकवरचं, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. त्यातलं काहीच उरत नाही. चार्जर लावला की त्याच्या निगेटिव्हमधून गाडीच्या बॉडीवरून डेकपर्यंत अर्थला आडवाट मिळते आणि आवाज परत येतो. पण त्याच बॉडीतून अल्टरनेटरचा करंट फिरत असतो. इंजिन चालू असताना तो बॅटरीला साधारण १४ व्होल्टनं चार्ज करतो आणि त्याच्या करंटमधला बारीक चढउतार इंजिनच्या वेगाबरोबर जलद होत जातो. तो आवाजात मिसळला की त्याची शिट्टी होते. काका तिलाच गाडीचं रडणं म्हणत होते.

मल्टिमीटर बीपवर लावला, तार सलग असली की तो वाजतो. टोक ते टोक बीप आली. कडी ते कडी आली. अर्थवर नाही. केबल पिनेपासून हातानं चाचपत गेलो. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या बिजागरीत ती अडकवलेली होती, कप्पा उघडला की दुमडायची, मिटला की सरळ व्हायची. तिथं वाकवून धरली तर क्षणभर बीप आली आणि गेली. ब्लेडनं वरचं रबर सोललं. आतल्या लाल आणि पांढऱ्या तारा शाबूत होत्या. त्यांच्याभोवती गुंडाळलेली अर्थची तांब्याची जाळी तेवढी केसासारखी तुटून दोन्हीकडे विस्कटलेली. मी ती काकांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "एवढ्यासाठी स्पीकर बदलले?" एवढंच म्हणाले.

मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. ग्राहकाला वायरिंग कळत नसेल, पण आपल्याला काय ऐकू येतंय हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायला दोन मिनिटं लागतात. चालू डेक फेकायला लावणं हे काम नाही.

नवी केबल टाकली, या वेळी कप्प्याच्या बाजूनं न नेता हँडब्रेकच्या कडेनं, क्लिपा मारून. पिनेच्या मानेवर गरम केली की आवळून बसणारी हीटश्रिंक नळी चढवली. चार्जरशिवाय आवाज स्वच्छ आला. पण सकाळी निघताना प्लेअर कधी कधी उतरलेला असतो असं मुलगी म्हणाली, म्हणजे चार्जिंगला लावून ऐकणं आलंच. आणि चार्जर लावला की केबलची अर्थ आणि चार्जरची अर्थ अशा दोन वाटा होतात, त्यातून शिट्टी पुन्हा थोडी शिरत होती. म्हणून केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला. काडेपेटीपेक्षा लहान वस्तू, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन्हीकडच्या अर्थचा तारेनं संबंध राहत नाही. इंजिन चालू, चार्जर चालू, रेस दिली. शिट्टी नाही. प्लेअरचा आवाज पाऊण ठेवा आणि बाकीचा डेकवरून वाढवा, एवढं सांगितलं. प्लेअर पूर्ण वाढवला तर आवाज फाटतो, फार कमी ठेवला तर डेकची सुरसुर वर येते.

पैसे केबलचे, आयसोलेटरचे आणि मजुरीचे घेतले. काकांना चक्कर मारून बघायचं होतं, म्हणून मी मागं बसलो आणि आम्ही औशाच्या दिशेनं निघालो. मुलीनं कालचं रेकॉर्डिंग लावलं. ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडून एटीपीच्या रूपात ऊर्जा मिळवायची क्रिया. तिचा आवाज चारही दारांतून स्पष्ट येत होता, श्वास घेतलेलाही कळत होता. ती ऐकता ऐकता एकदम पुढं झाली.

"पप्पा, थांबवा. मी चार एटीपी म्हटलेय इथं. तयार चार होतात, पण दोन आधीच खर्च झालेले असतात, निव्वळ दोनच उरतात."

तिनं प्लेअर मागं घेऊन तेवढा भाग पुन्हा ऐकला, वहीत खूण केली आणि काकांना काच वर करायला सांगून तिथंच तो तुकडा नव्यानं रेकॉर्ड करायला घेतला.