दीडशे तासांचं ओजेटी : कातारीच्या मुलांना कारखान्यात पाठवताना

२०२२ मध्ये आयटीआयचा अभ्यासक्रम सुधारला आणि दरवर्षी १५० तासांचं ओजेटी, म्हणजे जवळच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, सक्तीचं झालं. त्याच तरतुदीत एक सोयही ठेवली आहे: जवळपास उद्योग मिळत नसेल तर ग्रुप प्रोजेक्ट करावा. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये गटनिदेशक आहे. कातारी (लेथवर धातू कातणारा), यंत्र कारागीर आणि जोडारी (फिटर) हे ट्रेड माझ्याकडे येतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती आणि शहरातलं जुनं शिवाजी उद्यमनगर एवढं सगळं जिल्ह्यात असताना ‘उद्योग उपलब्ध नाही’ असं कागदावर लिहायला माझं मन धजावेना. ग्रुप प्रोजेक्ट वाईट नसतो. मुलं हौसेनं मॉडेल करतात, रंगवतात, प्रदर्शनात मांडतात. पण २० जणांच्या युनिटमध्ये, म्हणजे वर्गात, मॉडेलवर खरा हात चालतो तो चौघा-पाचजणांचाच. म्हणून कातारीच्या दुसऱ्या वर्षाला ओजेटीच द्यायचं ठरवलं. ते कसं पार पडलं हे लिहिते आहे, कारण राज्यातले अनेक निदेशक सध्या याच खटाटोपात आहेत.

कारखाने शोधायच्या आधी मी आणि आमचे शिल्पनिदेशक अभ्यासक्रम उघडून बसलो. कुठलं काम आमच्या वर्कशॉपमध्ये नीट होतं, कुठलं नुसतं एकदा करून दाखवलं जातं आणि कुठलं होतच नाही, याची यादी केली. टेपर, आटे, नर्लिंग, एक्सेंट्रिक टर्निंग ही लेथवरची कामं आमच्याकडे व्यवस्थित होत होती. पण आमची मुलं दोन वर्षं बहुतेक मऊ पोलादाचा गोल बार कापतात. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांमुळे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांमुळे, इथल्या मशीनशॉपमध्ये मात्र मुख्यतः बीडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग येतं. ते वेडंवाकडं, थ्री-जॉमध्ये (लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये) न बसणारं, वरच्या कातडीत वाळू अडकलेलं असतं. त्यामुळे यादीत वर आलं ते चार जबड्यांच्या फोर-जॉमध्ये कास्टिंग बांधणं, बारीक टॉलरन्सचं (मापात अगदी थोडा फरक चालणारं) बोअरिंग म्हणजे आतलं भोक कातणं, तपासणी आणि सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग. यादीला आम्ही शेवटी आणखी एक रकाना जोडला: हे काम कारखान्यात कोण शिकवणार? माझ्या मते सगळं ओजेटी या रकान्यावर उभं असतं. तिथं माणसाचं नाव नसेल तर मुलगा कारखान्यात जाऊन येतो एवढंच.

मग भेटी सुरू झाल्या. मोठ्या युनिटची शेड पाहून पालक खूश होतात, पण तिथं नेमकं काय चालतं ते उभं राहून बघावं लागतं. सीएनसीच्या लाइनवर ऑपरेटर जॉब (कातायचा भाग) चकमध्ये लावतो, दार ओढतो, सायकल स्टार्ट दाबतो आणि जॉब काढून घेतो. प्रोग्राम आणि ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) सेटर बघतो. तिथं मुलाला दीडशे तास उभं केलं तर त्याच्या पदरी लोडिंग-अनलोडिंग पडणार. जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शॉपमध्ये दोन-तीन साधे लेथ आणि एखादं सीएनसी असतं, मालक स्वतःच हेडमिस्त्री असतो आणि काम रोज बदलतं. शिकायला ती जागा कितीतरी चांगली. मोठ्या युनिटमध्ये मात्र तपासणीची खोली, गेज, शिस्त आणि सुरक्षेची सवय मिळते. म्हणून मुलांच्या लहान तुकड्या केल्या आणि बहुतेकांना दोन्हीकडचा अनुभव मिळेल असं वेळापत्रक आखलं. रोजचे ६ तास धरले तर १५० तासांना २५ कामाचे दिवस लागतात. बोअरिंग आणि आटे पक्के झाल्यावरच हे दिवस लावले.

शिरोलीतल्या एका शॉपच्या मालकांनी पहिल्याच भेटीत मुद्द्याला हात घातला. “मॅडम, पोरं पाठवा की. पण पोरानं कास्टिंग बाद केलं तर ते कुणाच्या खात्यावर टाकू?” प्रश्न रास्त होता. त्यांचंही काम दुसऱ्याचं, कास्टिंग पार्टीचं, वेळेचा बोजा त्यांच्यावर. आम्ही तिथंच ठरवलं की पहिल्या आठवड्यात मुलांनी फिनिश कटला, म्हणजे नेमक्या मापावर आणणाऱ्या शेवटच्या कटला, हात लावायचा नाही. रफिंग (वरवरचं जाडं कातकाम) करायचं, तयार झालेले जॉब मापायचे, टूलला धार लावायची. फिनिश कट मिस्त्री शेजारी उभे असतील तेव्हाच. ही अट त्यांना पटली. पुढे बाकीच्या शॉपमध्येही मी ती स्वतःहून सांगायला लागले, कारण तिनं मालकाची भीती जाते आणि मुलगा मापायला शिकतो.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, युनिटची लेखी संमती, पालकांचं संमतीपत्र, अपघात विमा, सेफ्टी शूज आणि गॉगल. आमची मुलं प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हेत. तरी १९४८ च्या कारखाने अधिनियमात १८ वर्षांखालच्यांसाठी वैद्यकीय योग्यतेचा दाखला सांगितला होता, म्हणून आम्ही सगळ्यांची तपासणी करून घेतली. संध्याकाळनंतर काम नाही आणि रविवारी बोलावणं नाही, या दोन अटी पत्रातच लिहिल्या. तोंडी ठरलेलं ऑर्डरच्या गर्दीत मागे पडतं.

आमच्या वर्गात दोन मुली होत्या. त्यांच्यासाठी जागा शोधताना माझा पहिला प्रश्न मशीनचा नव्हता, स्वच्छतागृहाचा होता. चांगली शिकवणारी काही छोटी शॉप एवढ्याच कारणानं सोडावी लागली आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकायची संधी एका बांधकामापायी जाते. शेवटी जिथं तपासणी विभागात बायका आधीपासून कामाला होत्या असं युनिट मिळालं. तिथल्या फोरमननी दोघींना तपासणीतच बसवून ठेवण्याचा विचार केला होता. त्यांच्या काळजीपोटीच, पण मी लेथचा आग्रह धरला. ओढणी, बांगड्या, अंगठी काही नाही, केस टोपीत, बाह्या घट्ट. दुसऱ्या आठवड्यापासून दोघी लेथवर होत्या.

देखरेख म्हणजे जाऊन हजेरीवर सही करून येणं, असं समजणारे आहेत. ८० टक्के हजेरी हवीच, पण मला मुलांच्या डायरीवर जास्त भर द्यावासा वाटला. सुरुवातीच्या पानांवर सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘आज मशीनवर काम केले.’ ती पानं परत दिली आणि रोज पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. कुठला पार्ट, कुठलं ऑपरेशन, ड्रॉइंगवरचं माप, ते कशानं मापलं आणि काय बिघडलं.

मग डायऱ्या बोलायला लागल्या. एका मुलानं फ्लँजच्या बोअरबद्दल लिहिलं होतं: ‘४० एच७. मी व्हर्नियरने मापले, मिस्त्रींनी परत करायला लावले.’ मी पुढच्या भेटीत त्याला विचारलं, का करायला लावलं? त्यानं बरोबर सांगितलं. ४० एच७ म्हणजे बोअर ४०.००० ते ४०.०२५ मिलीमीटरच्या आत हवा. म्हणजे सगळी मोकळीक पंचवीस मायक्रॉनची, आणि आमच्या व्हर्नियरचा लघुत्तम मापांकच ०.०२ मिलीमीटर. त्या मापाला व्हर्नियर पुरणारच नाही. मिस्त्रींनी त्याला बोअर गेज दिला, मायक्रोमीटरवर शून्य लावायला शिकवलं आणि एकच बोअर तीन ठिकाणी मापायला लावला. लघुत्तम मापांकाचं सूत्र आमच्या वर्गात प्रत्येकाला पाठ असतं. त्याचा उपयोग त्या मुलाला त्या दिवशी कळला. दुसऱ्या एकानं लिहिलं होतं की बीडावर पहिला कट हलका घेतला आणि टूलची धार लगेच गेली. पहिला कट कातडीच्या खाली जाईल इतका खोल हवा, नाहीतर टूल वाळूवर आणि कडक थरावर घासत राहतं. आमच्या गोल बारवर हे शिकवायला मी कितीही फळा भरला असता तरी जमलं नसतं.

सगळीकडे असं सुरळीत झालं नाही. एका युनिटमध्ये गेले तर आमची मुलं पाटावर बसून सकाळपासून कानशीनं बर, म्हणजे कापलेल्या कडेवर राहिलेली धारदार कणी, काढत होती. आदल्या आठवड्यातही तेच, हे डायरीवरून दिसतच होतं. बर काढणं हेही काम आहे, दोन दिवस सगळ्यांनी करावं. पण आठवडाभर तेच म्हणजे फुकटची माणसं. मी मालकांशी भांडले नाही. आमची यादी त्यांच्यापुढे ठेवली, शेवटचा रकाना दाखवला आणि विचारलं की इथं ज्यांचं नाव आहे ते मुलांना कधी भेटतात. सुपरवायझर रजेवर होता आणि त्याच्या जागी कुणी नेमलेलंच नव्हतं. चार दिवसांची मुदत दिली. बदल झाला नाही तेव्हा मुलांना दुसऱ्या शॉपमध्ये हलवलं आणि राहिलेले तास तिथं पूर्ण केले. या निर्णयात प्राचार्य ठाम पाठीशी उभे राहिले. अशा वेळी वरिष्ठांनी ‘कशाला संबंध बिघडवता’ म्हटलं की निदेशकाचे हात बांधले जातात.

गुणांकनाचं काम मात्र वेळखाऊ होतं. प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापन दोन्हींत उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात आणि मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवावे लागतात, तपासणीला कधीही मागितले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येकाची वेगळी फाइल केली: डायरी, मिस्त्रींचा शेरा, मुलानं स्वतः भरलेला तपासणी तक्ता आणि त्यानं केलेल्या पार्टचं हातानं काढलेलं ड्रॉइंग. मिस्त्रींकडून आकड्यात गुण मागितले की ते सगळ्यांना सारखेच देतात. त्याऐवजी मी विचारायची, ‘याच्या हातात एकट्याच्या जबाबदारीवर काय द्याल?’ उत्तर नेमकं यायचं. “फेसिंग देईन, बोअर नाही देणार अजून.” त्यावरून गुण आम्ही ठरवले.

ओजेटी संपल्यावर काही मालकांनीच विचारलं की हाच मुलगा पुढे ठेवता येईल का. तिथून शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) विषय निघाला. ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, हे मोठ्यांना माहीत असतं. पण ४ ते २९ माणसांच्या युनिटलाही ते ऐच्छिकपणे घेता येतात आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं, हे छोट्या शॉपमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करायला त्यांच्याकडे माणूस नसतो. आमच्या संगणक ट्रेडच्या निदेशकांनी काहींची नोंदणी बसून करून दिली.

पुढच्या बॅचसाठी ऑगस्टमध्ये प्रवेश झाले की लगेच मालकांची आणि मिस्त्रींची एक बैठक आयटीआयमध्येच घ्यायची आहे. मिस्त्रींना आमचे लेथ आणि आमच्या मुलांचे जॉब दाखवायचे, आणि बीडाची बाद झालेली कास्टिंग आम्हाला सरावासाठी द्या असं मागायचं. दोघा मालकांनी होकार आधीच दिला आहे. जोडारीच्या युनिटची यादीही करायला घेतली आहे, तिचा शेवटचा रकाना अजून अर्धा रिकामा आहे.