तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच पदार्थाची पट्टी का नाही?

कोळंबीच्या टरफलांतून निघणाऱ्या कायटोसानमध्ये दुसरे नैसर्गिक पदार्थ मिसळून जखमेवर लावायची पातळ फिल्म बनवणं, हे माझं काम. ते सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. परवा रत्नागिरीत बोलून खाली उतरले तेव्हा एका निवृत्त सिस्टरांनीही तोच विचारला. "मॅडम, कायटोसान एवढं गुणी आहे तर त्याचीच पट्टी करा की. जिलेटिन, अल्जिनेट अशी मिसळामिसळ कशाला?" गाडीची वेळ झाली होती, उत्तर अर्धंच राहिलं. सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं सांगते.

मी अकरावीत असताना आईच्या हातावर कढईतलं तेल सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. दवाखान्यात रोज ड्रेसिंग व्हायचं, आणि गॉझ रोज चिकटलेलं असायचं. सलाईनने भिजवून भिजवून काढत, तरी शेवटचा पदर निघताना आई भिंतीकडे तोंड करायची. काढलेल्या गॉझवर गुलाबी ठिपके दिसत. आदल्या दिवशी धरलेली नवी त्वचाच त्याला चिकटून निघून येत होती, हे मला फार नंतर कळलं. माझ्या कामाची सुरुवात तिथे आहे. पट्टी लावताना काय करते याइतकंच ती निघताना काय करते, हे मी तेव्हापासून बघत आले आहे.

जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनची फिल्म लावून पाहिली. उघड्या ठेवलेल्या जखमांपेक्षा झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. कडेच्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत येतात. वर खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

पण ओल म्हणजे चिखल नव्हे. धडधाकट त्वचेतून दिवसाला चौरस मीटरमागे साधारण २०० ग्रॅम पाणी वाफेने जातं, भरत असलेल्या उघड्या जखमेतून ५००० ग्रॅमच्या वर. फिल्मने यातलं २००० ते २५०० ग्रॅम जाऊ द्यावं असं मानतात. त्याहून कमी गेलं तर खाली पाणी साचतं, जास्त गेलं तर जखम सुकते. शिवाय तिने स्राव शोषायचा, जंतूंना अडवायचं, कोपरासारख्या जागी वाकायचं, पेशींना पाय रोवायला जागा द्यायची आणि शेवटी न दुखवता सुटून यायचं. एवढं सगळं एका पदार्थाला जमत नाही.

कायटोसानच घ्या. टरफलं आम्लात टाकून त्यातला चुना काढायचा, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची, मग उरलेलं कायटिन, म्हणजे टरफलाचा मूळ पदार्थ, तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवायचं. जे मिळतं ते साध्या पाण्यात विरघळत नाही, सौम्य ॲसेटिक आम्लात मात्र विरघळतं, कारण तिथे त्याच्या अमिनो गटांवर धन भार येतो. रक्तपेशींवर आणि जिवाणूंच्या भिंतीवर ऋण भार असतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, म्हणून ते रक्त थांबवायला मदत करतं आणि जिवाणूंना जड जातं. इथवर तुमचं म्हणणं खरं आहे. पण नुसत्या कायटोसानची वाळलेली फिल्म कडक असते, वाकवली की तडकते. पेशीही तिच्यावर हव्या तितक्या पसरत नाहीत.

जिलेटिनवर त्या पसरतात. ते कोलॅजेनपासूनच बनतं आणि पेशी जिथे धरतात त्या जागा त्याच्या रेणूंच्या साखळीत शिल्लक असतात. पण जिलेटिन अंगाच्या उबेला वितळतं. आणि अल्जिनेट, म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळातला पदार्थ, स्राव उत्तम शोषतो. त्यातलं कॅल्शियम जखमेतल्या सोडियमशी जागा बदलतं आणि पट्टीचा मऊ जेल होतो. तो धुऊन निघतो, ओढून काढावा लागत नाही. मात्र पेशींना धरायला त्यात काहीच नाही.

म्हणून मिसळायचं. पण मिसळणं म्हणजे एका भांड्यात ओतणं, असं मलाही आधी वाटायचं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी कायटोसानच्या द्रावणात अल्जिनेट एकदम ओतलं आणि डोळ्यांदेखत दूध नासावं तसं ते फाटलं. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. भेटताक्षणी घट्ट बिलगले आणि गुठळ्या होऊन स्टररच्या कांडीला लोंबकळले. तीच ओढ ताब्यात ठेवली, पीएच, म्हणजे द्रावणाचा आंबटपणा, सांभाळला, थेंबाथेंबाने घातलं आणि जोरात ढवळलं, की तिच्यातूनच ओल्यातही टिकणारी फिल्म मिळते. हे हाताला यायला मला दीड वर्ष लागलं.

जिलेटिनशी कायटोसानचं जुळतं. दोन्ही कोमट, आंबट द्रावणात एकत्र नांदतात. फिल्म ओतणं तर अगदी आंब्याचं साठ घालण्यासारखं आहे. रस ताटात सारखा पसरायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही, घाईने वाळवायचं नाही, नाहीतर कडा उचलतात. लवचिकपणासाठी थोडं ग्लिसरीन घालतो. वाळल्यावर उरलेलं आम्ल सौम्य क्षाराने मारून फिल्म पाण्यात पुन्हा पुन्हा धुतो. ते राहिलं तर जखमेला झोंबेल. जिलेटिन वितळू नये म्हणून साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने ते झटपट होतं, पण त्याचा उरलेला अंश पेशींना मारतो. मी गार्डेनियाच्या फळातून मिळणारं जेनिपिन वापरते. महाग आहे आणि फिल्म निळी होते, तरी माझा त्यालाच कौल आहे.

खरंच मिसळलंय की दोघं नुसते शेजारी बसलेत, हे उजेडात धरलं की बरंचसं कळतं. दुधाळ डाग दिसले तर आत फारकत झालेली असते. मग यंत्रांवर खात्री करायची. प्रमाण थोडं बदललं तरी गुण सरळ रेषेत बदलत नाहीत. कधी दोघांच्याही एकट्याच्या फिल्मपेक्षा मिश्रणाची फिल्म चिवट निघते.

सिस्टर, तुम्ही ॲलर्जीचंही विचारलं होतं. कोळंबीची ॲलर्जी तिच्या प्रथिनांची असते, कायटिनची नाही. म्हणूनच प्रथिनं शेवटच्या कणापर्यंत काढणं आणि तशी तपासणी करणं याला मी इतकी जपते. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, असं माझ्या प्रयोगशाळेत कुणी म्हणत नाही. जिलेटिन गाईचं, डुकराचं की माशाचं, हेही रुग्णाला कळलं पाहिजे. अंगावर काय लावायचं हा त्याचा हक्क आहे. माशाचं जिलेटिन आणखी कमी तापमानाला वितळतं, म्हणजे त्याला बांधणीचं काम जास्त. ते मी आनंदाने करते.

आणि जखमेला न चिकटणारी पट्टी कशाची करायची, या प्रश्नाला आपल्या हॉस्पिटलांनी दिलेली उत्तरं मी विसरत नाही. मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं आणि २००३ साली ते छापून आलं. पान मेणचट, मोठं, स्वस्त, आणि जखमेला चिकटत नाही. माझी फिल्म त्या पानाच्या किमतीजवळ अजून आलेली नाही. हे मला रोज टोचतं, आणि टोचलंच पाहिजे.

आम्ही ओल्या जखमेची नक्कल म्हणून जेलच्या थरावर फिल्म ठेवतो आणि चोवीस तासांनी सोलतो. किती जोर लागला ते यंत्र सांगतं. पण कडेपासून कसं उचलायचं, कुठे थांबायचं, कुठे थोडं पाणी सोडायचं, हे तुमच्या हातांना इतक्या वर्षांच्या ड्रेसिंगने शिकवलंय. जून उजाडायच्या आत एकदा प्रयोगशाळेत या. तीन वेगवेगळ्या प्रमाणांच्या फिल्म ताटलीत लावून ठेवते. कुठली कुठल्या प्रमाणाची ते सांगणार नाही. तुम्ही काढून बघा आणि कुठली सर्वांत सहज सुटली ते मला सांगा.