सुतळी पोटाला बांधली

दुर्बिणीतून पोट तपासायच्या यादीत चौथं नाव त्यांचं होतं. अर्जावर ‘छातीत जळजळ, दोन वर्षं’ एवढंच. असे अर्ज रोज दोन-तीन तरी येतात आणि बहुतेकांना कुणीतरी आधीच सांगून मोकळं झालेलं असतं: पित्त आहे, तिखट सोडा.

मामा 54 वर्षांचे. मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचं काम. डिसेंबर, म्हणजे हंगाम जोरात. अर्धा दिवस बुडवून आले होते. कमरेला उपरणं इतकं कसून गुंडाळलेलं की नेहरू शर्टाला चुण्या पडल्या होत्या. छातीत दुखतंय म्हणून आधी ईसीजी काढून झाला होता. तो चांगला निघाला.

“तांबडा रस्सा सोडला ताई. मिसळ सोडली. लग्नात नुसत्या पांढऱ्यावर भागवतोय. तरी जळतंयच.”

कोल्हापूरच्या माणसानं दोन वर्षं तांबडा सोडायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आणि पांढरा रस्सा तरी कुठं साधा? नारळाचं दूध आणि वर मटणाची चरबी. असलं जड जेवण पोटात जास्तच वेळ थांबतं.

घशात बधिरीचा स्प्रे मारता मारता मी विचारलं, “जेवल्यावर जास्त जळतं का?”

“जेवल्यावर हायच. पर रवा उचलाय वाकलो की आंबट पाणी पार नरड्यात येतंया. रात्री आडवं झालो की पुन्हा त्येच.”

तीस किलोचा रवा. आमचे डॉक्टर सर दुर्बिणीच्या नळीचं टोक पुसत होते, ते थांबले. म्हणाले, “वाकल्यावर? बघूया.”

डाव्या कुशीवर झोपवलं, माऊथपीस लावला, दुर्बीण आत गेली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला दोन उभे लालभडक ओरखडे दिसले. तिची फिकट कातडी संपून जठराची लालसर कातडी सुरू होते ती नागमोडी रेघ दातांपासून 35 सेंटिमीटरवर होती. श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची, चिमटी तिथंच बसायला हवी. मामांची चिमटी 39 वर होती. मधल्या चार सेंटिमीटरात जठराच्या घड्या दिसत होत्या, म्हणजे पोटाचा तेवढा भाग पडद्याच्या भोकातून वर छातीत सरकला होता. इतक्यात त्यांना उमासा आला आणि तो भाग फुग्यासारखा टम्म झाला. नळी पोटात उलटी वळवून सरांनी खालून वर पाहिलं. एरवी पोटाचं तोंड नळीला घट्ट आवळून बसलेलं दिसतं. इथं नळीभोवती जागाच जागा.

नंतर खुर्चीवर बसवून सरांनी सांगितलं, “मामा, हा हायटस हर्निया.”

“हर्निया? त्यो तर जांघेत असतोय. आमच्यातल्या दोघांची आपरेशनं झाल्यात.”

सरांनी कागदावर चित्र काढलं. अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप आणि तिच्याभोवती श्वासपटलाचे स्नायू. दोन्ही एकाच जागी आवळतात, म्हणून आम्ल खाली राहतं. झडप वर सरकली की ती एकटी पडते. वर आलेल्या पिशवीत आम्ल साचून राहतं, घोट गिळायला झडप उघडली की तेच वर चढतं. वाकलं, वजन उचललं, खोकला आला की पोटातला दाब पिशवीला खालून पिळतो.

मामा चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे पोत्याची सुतळी मानंला बांधायची ती खाली घसरून पोटाला बसली. वरचा माल सुटाच ऱ्हायला.”

सरांनी पेन खाली ठेवलं. मी या खोलीत नऊ वर्षं आहे. इतकं नेमकं कुणाला सांगता आलेलं मी ऐकलं नव्हतं.

पुढचं नेहमीचंच. गोळी घ्यायची ती न्याहारीच्या अर्धा तास आधी. मामा ती जळायला लागलं की घेत होते. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास. नुसती उशी वाढवून मान मोडायची नाही. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. तांबड्याचं विचारल्यावर सर हसले, “खाऊन बघा. सोसला तर बेतानं खावा. पण ते कमरेचं आधी सोडा.”

“ह्ये? ह्येनं तर कमरंला जोर येतोय.”

“कमरेला येतो, आणि पोटालाही.”

मामांनी उपरण्याची गाठ सोडली. तीन वेढे निघाले. त्यांनी सावकाश घडी घालून ते खांद्यावर टाकलं.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा आले. “जळायचं थांबलं. पर वाकलो की पाणी येतंयच. आता नुसतं जळत न्हाई.” गोळी आम्ल कमी करते, वर येणारं थांबवत नाही, हे सरांनी समजावलं; त्रास असाच राहिला तर दुर्बिणीतून ऑपरेशन, पोट खाली ओढायचं, पडद्याचं भोक शिवायचं आणि पोटाचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा. ही गुंडाळायची रीत 1956 पासूनची आहे.

मामांनी बोटांवर महिने मोजले. “पाडव्यानंतर बघू सायेब. तवर गूळ यायचा ऱ्हात न्हाई.”

उपरणं खांद्यावरच होतं.