तुम्ही विचारलंत म्हणून: एमबीबीएसला कॉलेज कोणतं घ्यावं, आणि राहायचं कुठे?

नीटचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "इतके मार्क आहेत, कोणतं कॉलेज घेऊ?" आणि त्याच दमात, "मुलीला तिथे ठेवायचं कुठे?" बरेच जण कॉलेज लागल्याच्या आठवड्यातच दलाल गाठतात, अकरा महिन्यांचा करार करतात, आणि प्रवेशाच्या पुढच्या फेरीत मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात जाते. डिपॉझिट अडकतं, वर घरमालक लॉक-इनचं (ठरावीक काळ घर न सोडण्याचं) कलम दाखवतो. म्हणून आधीच सांगते: कॉलेजांचा पसंतीक्रम लावतानाच राहण्याचा विचार करा, पण करारावर सही आपल्यापुरत्या फेऱ्या संपल्यावरच करा.

मागच्या वर्षीचे कटऑफ मार्क घेऊन बसू नका. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारे अनेक होते, आणि २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. पेपर बदलला की मार्कांचा अर्थ बदलतो, क्रमांकाचा फारसा बदलत नाही. केंद्राच्या फेऱ्यांसाठी अखिल भारतीय रँक पाहा, राज्यासाठी सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश कक्ष) गुणवत्ता यादीतला नंबर, आणि तोही आपल्याच प्रवर्गातल्या शेवटच्या फेरीचा. पहिल्या फेरीची यादी पाहून निम्मी घरं उगाच हवालदिल होतात.

दारं दोन आहेत. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा एमसीसी (केंद्राची वैद्यकीय प्रवेश समिती) भरते, ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल. एम्स आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागाही एमसीसीकडेच. नोंदणी दोन्हीकडे करावी. एमसीसीची अनामत त्या १५ टक्क्यांच्या अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला १०,००० आणि राखीवला ५,००० रुपये, अभिमतसाठी मात्र थेट २ लाख. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी साधारण नियम असा की अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. अकरावी-बारावीला कोटा किंवा हैदराबादच्या शाळेत नाव घातलेल्या मुलांचा घात इथेच होतो. मार्क भरपूर असतात, पण राज्याच्या यादीत पात्रताच नसते. मराठवाडा-विदर्भाच्या ७०:३० कोट्याचा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) हिशेब काही काका अजून मांडतात. तो २०२० मध्येच रद्द झाला. सिंधुदुर्गातून हमखास विचारलं जातं की बांबोळी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, मिळेल का. गोव्याचा रहिवास नसेल तर त्या १५ टक्क्यांतूनच.

कागदपत्रांत तीन जागी माणसं अडकतात. राज्यात राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि समितीकडे वेळ जातो. म्हणून तो अर्ज अकरावीतच टाकलेला असावा. नॉन-क्रिमीलेअर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. आणि ओबीसीसाठी एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) हा प्रवर्ग तर केंद्राच्या यादीत नाहीच, तिथे त्याचा उपयोग शून्य. अस्सल कागद कॉलेजात जमा होतात, तेव्हा सगळ्यांचे स्कॅन आणि साक्षांकित प्रतींचे चार-पाच संच आधीच करून ठेवा.

आता कॉलेज. माझं मत सरळ आहे: इमारत पाहू नका, हॉस्पिटल पाहा. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप, यातलं पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीचं. पुढचं सगळं रुग्णाच्या खाटेपाशी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या निकषांत १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा लागतात, १५० ला ६०५, २०० ला ८०० आणि २५० ला ९००. म्हणजे कॉलेज मोठं होतं तशा प्रत्येक मुलामागच्या खाटा उलट कमी होतात. अर्थात केईएम, जेजे, ससून किंवा नागपूरचं मेडिकल इथे रुग्णांची वानवा नाहीच. अडचण येते ती कागदावर खाटा आणि वॉर्डात गाद्या गुंडाळलेल्या असतात तिथे.

ते ओळखायचं कसं? कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊ ते अकरा, ओपीडीत जाऊन उभं राहायचं. रविवारी कॅम्पस पाहून आलात तर बाग पाहून आलात, एवढंच. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग बघा. मेडिसिनच्या वॉर्डात किती खाटांवर माणसं आहेत ते मोजा. प्रसूतिगृहाबाहेर नातेवाइकांची गर्दी आहे का? कॅज्युअल्टीत येणारे रुग्ण तिथेच दाखल होतात की रुग्णवाहिकेत घालून पुढे पाठवले जातात? मग तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) एका टेबलाभोवती किती जण असता, वॉर्डात क्लिनिक्स (रुग्णापाशी शिकवणं) खरोखर घेतात का, आणि इंटर्नना स्टायपेंड किती आणि वेळेवर मिळतो का. खासगी कॉलेजात तिसरा प्रश्न आधी.

२०२४ ला राज्यात दहा नवी शासकीय कॉलेजं सुरू झाली: गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना वगैरे, बहुतेक १०० जागांची. ती "नवी आहेत" म्हणून झिडकारणं मला पटत नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलला रुग्ण कधीच कमी नसतात. पण तिथे ॲनाटॉमी विभागात डिसेक्शनसाठी बॉडी किती, शिक्षक हजर किती, आणि होस्टेल स्वतःचं की भाड्याच्या इमारतीत, हे विचारल्याशिवाय क्रम लावू नका. खासगीची जागा आणि शासकीय नवं कॉलेज यांत अडला असाल तर संपूर्ण कोर्सची फी, होस्टेल, मेस असं सगळं धरून बेरीज करा, नुसती पहिल्या वर्षाची नको. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे, ती बेरजेत धरा. अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. शासकीय जागेसोबत एमबीबीएसनंतरची वर्षभराची सक्तीची सेवा येते, तेही गणितात असू द्या.

पसंतीक्रम भरताना शक्यता नाही, इच्छा बघायची. "हे मिळणार नाही, मग वर कशाला टाकू" हा विचार चुकीचा. वर टाकल्याने खालची जागा हातची जात नाही. दुसऱ्या फेरीत मात्र सावध. तिथे तुम्ही जे भराल ते सध्याच्या जागेपेक्षा तुम्हाला बरं वाटतं, असंच यंत्रणा धरते, आणि ते मिळालं की पहिली जागा आपोआप रद्द होते. मिरज हातात असताना सहज म्हणून आणखी पाच नावं टाकली आणि त्यातलं एक लागलं, तर मिरज परत मागता येत नाही. जागा मनासारखी असेल तर राज्याच्या प्रक्रियेत स्टेटस रिटेन्शन फॉर्म (आहे ती जागा कायम ठेवण्याचा) भरा आणि पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडा. एमसीसीत पहिल्या फेरीत सोडलं तर नुकसान नाही, दुसरीत सोडलं तर अनामत जाते, तिसरीतली जागा सोडायचा विचारही नको.

राहण्याकडे येऊ. होस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी होस्टेलच, खोली कशीही असो. रॅगिंगविरोधी नियमांमुळे पहिल्या वर्षाच्या मुलांची सोय वेगळी असते. तरी तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये हवा. अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्या, त्यावर आवक क्रमांक घ्या. होस्टेलची यादी बऱ्याचदा फेऱ्या संपल्यावर लागते, तोवर कॉट बेसिसवर, महिन्याच्या बोलीने राहावं.

बाहेर राहायचं झालं तर आधी विचारा, कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच आवारात आहे का. कोल्हापुरात पहिल्या वर्षाचे विभाग शेंडा पार्कात आणि सीपीआर हॉस्पिटल शहराच्या मध्यात. शेंडा पार्काजवळ घेतलेली खोली दुसऱ्या वर्षी लांब पडते. मिरजेच्या मुलांना सांगलीच्या सिव्हिललाही जावं लागतं. ससूनसाठी रास्ता पेठ, सोमवार पेठ, मंगळवार पेठ पायी अंतरावर आहेत. स्वस्त पडतं म्हणून लांबच्या उपनगरात गेलात तर वाचलेलं भाडं रिक्षात जातं. थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, पुढे रात्रीच्या ड्युट्या येतात. पंधरा मिनिटं चालून पोचता येईल आणि रस्त्यावर रात्री दिवे असतील, एवढं पाहिलं तरी पुरे. फरशी आणि रंग नंतर.

खोली बघायला सकाळी सातला जा, पाणी येतं की टँकर येतो ते तेव्हाच कळतं. विजेचं मीटर वेगळं आहे का, नसेल तर युनिटचा दर कागदावर घ्या. मेस ठरवताना खाडा कसा धरतात ते विचारा. आधी सांगून सलग तीन-चार दिवस बाहेर गेल्याशिवाय पैसे कमी करत नाहीत, असं बहुतेक मेसवाले म्हणतात, आणि मेडिकलच्या पोरांना सलग सुट्टी मिळतेच कुठे!

लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. ८,००० भाडं आणि २०,००० डिपॉझिट असेल तर सव्वादोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे "नोंदणी महाग पडते" हे कारण ऐकून घेऊ नका. मूल अठराचं नसेल तर करार त्याच्या नावाने होत नाही, आई किंवा वडिलांच्या नावाने करा आणि राहणारी व्यक्ती म्हणून मुलाचं नाव आत लिहून घ्या. लॉक-इन एका महिन्यापेक्षा जास्त नको, डिपॉझिट किती दिवसांत परत ते लिहिलेलं असावं, आणि होस्टेल मिळाल्यास महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल हे कलम घालून घ्या. पोलिसांत भाडेकरूची माहिती दिल्याची पोच मागून घ्या.

शासकीय वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांची. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयं योजना आहे. अर्जाला भाड्याने राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो, तेव्हा नोंदवलेल्या कराराची प्रत आणि भाडं ऑनलाइन भरल्याच्या पावत्या एकाच फाइलला लावून ठेवा.